मुंबईहून लेगोलँड दुबई: लहान मुलं सोबत असताना

दुपारी दोनच्या सुमाराला लेगोलँडमध्ये कुठेही उभे राहा, एखादं मूल जमिनीवर फतकल मारून रडताना दिसतंच. शेजारी त्याचा बाप दात-ओठ खात हलक्या आवाजात सांगत असतो, "एवढे पैसे भरलेत, अजून निम्मं बघायचं बाकी आहे." पहिल्या खेपेला तो बाप मी होतो. आमची थोरली तेव्हा पावणेचार वर्षांची. सकाळपासून आम्ही तिला एका रांगेतून काढून दुसऱ्या रांगेत उभं करत होतो. तिला मात्र एकच गोष्ट हवी होती: मघाशी दाबलेलं ते बटण पुन्हा दाबायचं.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा थोरली साडेसहाची होती, धाकटा साडेतीनचा, आणि सोबत माझी आई. त्या खेपेला नकाशावरचं निम्मं आम्ही बघितलंच नाही. रडारड फक्त एकदा झाली, तीही माझ्या चुकीने. ती पुढे येईलच. मुलुंडहून निघून परत मुलुंडला येईपर्यंत काय काय करायचं, ते क्रमाने लिहितो.

जायचं का, आणि कधी

लेगो ही एकमेकांत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या खेळण्यातल्या विटा बनवणारी डेन्मार्कची कंपनी. १९३२ साली बिलुंड गावातल्या एका सुताराने लाकडी खेळण्यांपासून ती सुरू केली. 'लेग गोट' म्हणजे डॅनिशमध्ये 'छान खेळ', त्यावरून हे नाव. पहिलं लेगोलँड, म्हणजे या विटांभोवती रचलेलं थीम पार्क, त्याच गावात १९६८ साली उघडलं. भारतात अजून एकही नाही. आशियात मलेशिया, जपान, कोरिया आणि आता शांघायलाही आहे, पण मुंबईकराला सगळ्यात जवळचं दुबईचं. ते ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी सुरू झालं. विमानाने साधारण तीन-सव्वातीन तास, म्हणजे गणपतीत कोकणात जाताना पेणला अडकतो त्याहून कमीच.

पार्क दोन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे असं ते सांगतात. माझं मत विचाराल तर चार ते आठ हे खरं वय. दोन वर्षांच्या मुलाला राणीच्या बागेतले पेंग्विन आणि लेगोलँड यांत फारसा फरक पडत नाही, आणि पेंग्विन बरेच स्वस्तात होतात. दहाच्या पुढच्या मुलांना वेगवान राइड्स हव्या असतात. त्यांना खोपोलीच्या इमॅजिकाला न्या. मोठं आणि धाकटं अशी जोडी असेल तर धाकट्याला तीन पूर्ण होऊ द्या. का ते ड्रायव्हिंग स्कूलपाशी कळेल.

महिन्याचा प्रश्न जास्त महत्त्वाचा. आपली मोठी सुट्टी मे महिन्यात, आणि नेमका तेव्हाच दुबईचा पारा चाळिशीच्या आसपास असतो. जून ते सप्टेंबर तर विचारायलाच नको. पार्कचा काही भाग बंदिस्त आणि थंडगार आहे, पण एका ठिकाणाहून दुसरीकडे चालायचं ते उन्हातच. 'आम्ही मुंबईचे, आम्हाला उकाड्याची सवय आहे' हे वाक्य मी पहिल्या खेपेला बोललो होतो. परत बोलणार नाही.

नोव्हेंबर ते मार्च हा काळ चांगला. दिवाळीच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा शाळेच्या दृष्टीने सोयीचा, फक्त रांगेत निम्मं ठाणे भेटतं. नाताळ ते नवीन वर्ष टाळा. तेव्हा तिथल्या शाळांनाही सुट्टी असते. सगळ्यात उत्तम जानेवारी-फेब्रुवारी. शाळा चार दिवस बुडेल, पण सिनियर केजीत कुणाचं काय बुडतं? रमजान केव्हा आहे ते आधी पाहा, त्या महिन्यात वेळा बदलतात. वार शक्यतो मंगळवार-बुधवार. २०२२ पासून तिथे शनिवार-रविवार सुट्टी असते आणि शुक्रवारी अर्धा दिवस, त्यामुळे शुक्रवार दुपारपासून गर्दी वाढते. निवडलेल्या तारखेला पार्क उघडं आहे का, किती वाजेपर्यंत, हे त्यांच्या संकेतस्थळावरच्या कॅलेंडरमध्ये पाहूनच विमानाचं तिकीट काढा.

पासपोर्ट आणि व्हिसा

मुलांच्या पासपोर्टमध्ये लोक फसतात ते मुदतीवर. लहान मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. थोरलीचा दुसरीकडे जायचं म्हणून काढला होता, तो अजून चालू आहे, असं आपण गृहीत धरतो. प्रवासाच्या तारखेपुढे निदान सहा महिने मुदत हवी. नवीन काढायचा असेल तर आई-बाबा दोघांच्या सहीचं संमतिपत्र, म्हणजे ॲनेक्शर डी, लागतं. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटरचा फोटो बरोबर न्यावा लागतो, कारण तेवढ्या लहानग्याचा फोटो खिडकीवर काढत नाहीत. मोठ्यांचा तिथेच काढतात, म्हणून ही गोष्ट हमखास विसरते. मग पासपोर्ट केंद्राबाहेरचा फोटोवाला शोधत पळापळ.

व्हिसा विमान कंपनीकडून, हॉटेलकडून किंवा ट्रॅव्हल एजंटकडून होतो. हातात आला की प्रत्येकाच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आणि आईचा पासपोर्ट माहेरच्या नावावर. हा घोळ विमानतळाच्या काउंटरवर सुटत नाही. एकच पालक मुलांना घेऊन जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र आणि मुलांचे जन्मदाखले जवळ असू द्या.

हॉटेल कुठे घ्यायचं

पहिल्या खेपेला आमच्या एजंटने पॅकेजमध्ये देरा भागातलं हॉटेल दिलं होतं. हॉटेल झकास, खाली साऊथ इंडियन, समोर सोन्याची बाजारपेठ. पण लेगोलँड जेबेल अलीच्या बाजूला, शेख झायेद रोडने अबू धाबीकडे जाताना लागतं. देरा शहराच्या दुसऱ्या टोकाला. सकाळी तासभर गाडीत, संध्याकाळी पुन्हा तासभर, आणि संध्याकाळच्या तासात ट्रॅफिक वेगळा. वाशीला काम असताना विरारला खोली घेण्यातला प्रकार. एजंटला विचारलं तर म्हणाला, "दुबईतच आहे ना सर?"

म्हणून दुसऱ्या खेपेला दोन रात्री पार्कच्या जवळ राहिलो आणि उरलेल्या शहरात. पार्कच्या दाराशीच लेगोलँड हॉटेल आहे, २०२२ मध्ये उघडलेलं, अडीचशे खोल्यांचं. खोल्यांमध्येही विटांचा थाट आहे. महाग आहे, पण एक रात्र परवडत असेल तर फायदा असा की दुपारी मूल झोपायला आलं तर खोली पाच मिनिटांवर असते. नाहीच परवडलं तर त्याच पट्ट्यातलं साधं हॉटेल घ्या आणि टॅक्सीने जा.

सोबत आजी-आजोबा असतील तर एक जोडकाम होतं. जेबेल अलीलाच २०२२ साली उघडलेलं हिंदू मंदिर आहे. पार्कच्या आदल्या संध्याकाळी आईला तिथे नेलं. दुसऱ्या दिवशी "आता तुमचं काय ते बघा" म्हणत ती खुशीत आली.

बॅगेत काय, आणि काय अजिबात नाही

हा भाग कृपा करून घाईत वाचू नका.

संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेणं बेकायदा आहे. अफूच्या बोंडातली म्हणून ती अमली पदार्थांच्या यादीत धरली जाते. आता आठवा, दिवाळीच्या फराळात खसखस कुठे कुठे असते. अनारशावर. करंजीच्या सारणात. लाडवात घालायची पद्धत काही घरांत आहे. गोडा मसाला, कोल्हापुरी मसाला, सगळ्यांत. आईने नणंदेच्या मुलीसाठी डबाभर अनारसे बांधले होते. ते मी विमानतळावर निघायच्या आदल्या रात्री शेजारच्या काकूंकडे पोचवले. आई दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलली. चकली, शंकरपाळे, शेव बिनधास्त न्या. पानाचा विडाही चालत नाही, तेव्हा आजोबांची पानपुडी घरीच ठेवा.

औषधांचं तसंच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध तिथे आगाऊ परवानगीशिवाय चालत नाही. मुलांची नेहमीची पॅरासिटामॉलची बाटली, ओआरएस, उलटीची गोळी, हे सगळं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. डबीत सुट्या गोळ्या नेऊ नका.

बाकी यादी छोटी आहे. घडीची बाबागाडी, मूल पाच वर्षांचं असलं तरी. "आमचा आता चालतो" हे सोसायटीच्या आवारात ठीक आहे. बहुतेक विमान कंपन्या ती विमानाच्या दारापर्यंत नेऊ देतात, तिकिटाच्या वेळी विचारून घ्या. वापरून मऊ झालेले बूट. टोपी. पातळ पूर्ण बाह्यांचा शर्ट, उन्हासाठीही आणि आतल्या एसीसाठीही. रिकामी पाण्याची बाटली. कपड्यांचा एक जादा जोड तुमच्यासाठीसुद्धा, कारण मुलाच्या हातातलं आइस्क्रीम शेवटी तुमच्याच खांद्यावर पुसलं जातं.

आणि दोन लेगोची माणसं, म्हणजे विटांसोबत येणाऱ्या छोट्या बाहुल्या. प्रत्येक मुलामागे दोन. का ते पुढे सांगतो.

घरचा सराव

ज्या मुलाने विटा कधी जोडल्या नाहीत त्याला तिथे झुले आणि आगगाड्या दिसतात, पण विटांचा ताजमहाल म्हणजे नुसता ताजमहाल दिसतो. त्यात विस्मय वाटावा असं काही नसतं. म्हणून जायच्या दोन-तीन महिने आधी घरात विटा आणा. नवीन महाग पडतात. सोसायटीच्या ग्रुपवर विचारा, कुणाचा तरी मुलगा बारावीला गेलेला असतो आणि माळ्यावर डबा पडलेला असतो. लेगोच्या आजच्या विटेचं पेटंट १९५८ सालचं, आणि तेव्हाची वीट आजच्या विटेत बसते, त्यामुळे जुनं-नवं एकत्र चालतं. तीनच्या आसपासच्या मुलाला ड्युप्लो द्या. ती १९६९ साली लहानांसाठी काढलेली वीट, लांबी-रुंदी-उंची तिन्ही दुप्पट, म्हणजे आकारमान आठपट. घशात जाणार नाही आणि तरीही मोठ्या ताईच्या छोट्या विटांवर बसते, हे बघून धाकटा हरखला होता.

थोरलीसाठी एक खेळ केला. आठ खुंट्यांच्या सहा विटा दिल्या आणि सांगितलं, रोज वेगळं काही तरी कर. कंटाळली की म्हणायचो, अजून ९१,५१,०३,७६४ प्रकार बाकी आहेत. एकाच रंगाच्या तसल्या सहा विटा जोडायच्या एकूण तऱ्हा ९१,५१,०३,७६५ होतात. तिला आकडा वाचता येत नव्हता, पण म्हणायला आवडायचा.

दुसरा सराव रांगेचा आणि चालण्याचा. एका रविवारी भायखळ्याला राणीच्या बागेत लोकलने जा, तिकिटाच्या रांगेत मुलांना सोबत उभं करा, चार तास फिरा आणि लोकलनेच परत या. मूल किती वाजता ढेपाळलं ते घड्याळात बघून ठेवा. आमचा धाकटा तीन तास दहा मिनिटांनी ढेपाळला. हा आकडा पार्कच्या कुठल्याही नकाशापेक्षा उपयोगी पडला.

तिसरं, उंची. बूट काढून, दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करून मोजा. प्रत्येक राइडला उंचीची वेगळी अट असते आणि दाराशी पट्टी घेऊन माणूस उभा असतो. त्यांच्या संकेतस्थळावरच्या यादीतून मुलाला चालणाऱ्या राइड्स घरीच निवडा आणि न चालणाऱ्यांचं नावही काढू नका. ज्या राइडचा व्हिडिओ महिनाभर दाखवला तिच्या दारातून दोन सेंटिमीटरसाठी परत फिरवलेलं मूल मी तिथे पाहिलंय. त्याच्यासमोर आपलाही धीर सुटतो.

तिकीट

शेजारी वॉटर पार्क आहे, मोशनगेट नावाचं दुसरं थीम पार्क आहे, आणि दोन-तीन पार्क मिळून स्वस्तात अशी तिकिटं समोर येतात. एका दिवसात दोन पार्क लहान मुलांसोबत होत नाहीत. होतात असं सांगणाऱ्यांचे फोटो नीट बघा, मुलं सगळ्यांत झोपलेली असतात. लेगोलँडला एक पूर्ण दिवस, आणि जमलंच तर दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस वॉटर पार्क. तिकीट ऑनलाइनच काढा. कितव्या वर्षापासून तिकीट लागतं आणि तारीख बदलता येते का, या दोन ओळी वाचून मग पैसे भरा. लहान मुलांचा ताप कॅलेंडर बघून येत नाही.

घड्याळ मुंबईचंच ठेवा

माझ्याकडून एकच सल्ला घ्यायचा असेल तर हा घ्या. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. घरी सातला उठणारं मूल तिथे साडेपाचला टक्क जागं होतं. दुपारी दीडला झोपणारं तिथल्या बारालाच जांभया देतं. रात्री साडेआठची झोप तिथल्या सातला येते. तीन-चार दिवसांसाठी हे बदलायला जाऊ नका. माझ्या बायकोने हातातल्या घड्याळाची वेळ बदललीच नाही, आणि सगळा दिवस त्यावर चालवला.

म्हणजे असं: पहाटे जाग आली की आंघोळ, हॉटेलात पोटभर नाश्ता, आणि गेट उघडायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी दारात हजर. मुलांच्या अंगात जोर असतो तो सकाळीच, आणि रांगाही तेव्हाच लहान. गेटमधून आत शिरल्यावर सगळे पहिल्या दुकानापाशी आणि पहिल्या राइडपाशी थांबतात. तुम्ही थांबू नका.

निघण्यापूर्वी तीन गोष्टी मात्र दारातच उरका. मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढा. मनगटावर पेनने तुमचा नंबर लिहा, सुरुवातीला ९१ लावून. आणि छातीवर नावाची पट्टी असलेला एक कर्मचारी दाखवून सांगा, "आई-बाबा दिसेनासे झाले तर अशी पट्टीवाली व्यक्ती शोधायची आणि तिथून हलायचं नाही."

सकाळ: लेगो सिटी

पार्कचे मुख्य भाग सहा: फॅक्टरी, लेगो सिटी, इमॅजिनेशन, किंगडम्स, ॲडव्हेंचर आणि मिनिलँड (विटांच्या इमारतींचे देखावे). निंजागो या लेगोच्या निन्जांच्या मालिकेचं वेगळं ठिकाण नंतर आलं. लहान मुलं असतील तर तडक लेगो सिटी गाठा, तीही ड्रायव्हिंग स्कूलसाठी. तिथली रांग सर्वांत हळू सरकते, कारण ठरावीक मुलं एका वेळी आत घेतात, त्यांना नियम समजावतात, मग गाड्या सोडतात. सकाळी जे पंधरा मिनिटांत होतं त्याला दुपारी तास लागतो. सहा ते तेरा वर्षांसाठी मोठी शाळा, तीन ते पाचसाठी छोटी. धाकट्याला तीन पूर्ण होऊ द्या म्हटलं ते यासाठी. ताई गाडी चालवतेय आणि आपण कठड्याबाहेर, हे दुःख तीन वर्षांच्या माणसाला सोसत नाही.

या गाड्यांना रूळ नाहीत. मूल खरंच स्टिअरिंग फिरवतं, सिग्नलला थांबतं, उजव्या बाजूने चालवतं. आपल्या मुलांना रस्त्याची उजवी बाजू चुकल्यासारखी वाटते, त्यामुळे पहिल्या वळणावर गोंधळ ठरलेला. आमची थोरली सिग्नलला थांबली. तिच्या पुढची गाडी दिवा हिरवा झाला तरी हलेना. थोरलीने स्टिअरिंगच्या मधोमध तळवा दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. मग कठड्याकडे वळून सगळ्या पार्कला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बाबा, हॉर्न कुठाय?" शेजारी उभ्या असलेल्या तीन कुटुंबांपैकी दोन हसली. ती दोन्ही आपल्याकडची होती.

शेवटी लायसन्स मिळतं. फोटो छापून देणारं हवं असेल तर वेगळे पैसे पडतात.

लेगो सिटीतच आग विझवायचा खेळ आहे, रेस्क्यू ॲकॅडमी. एका गाडीत एक कुटुंब बसतं, दांडा वर-खाली पंप करून गाडी पुढे न्यायची, उतरून पाणी मारायचं, परत पंप करत यायचं. मुलांना वाटतं तेच गाडी चालवतायत. प्रत्यक्षात बाप पंप करतो. आदल्या दिवशी पाठ धरली असेल तर आजोबांना बसवू नका.

मोठ्या मुलाला किंगडम्समधली ड्रॅगनची राइड हवी असेल आणि धाकटा उंचीत बसत नसेल, तर दारावरच्या कर्मचाऱ्याला पालकांच्या अदलाबदलीबद्दल विचारा. एक पालक मोठ्यासोबत जातो, दुसरा लहानग्यासोबत बाहेर थांबतो, मग पुन्हा रांग न लावता दुसरा जातो. कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

अकरा वाजता जेवण, बारा वाजता मिनिलँड

तिथले अकरा म्हणजे आपले साडेबारा. तेव्हाच जेवून घ्या. साडेबारा-एकनंतर खाण्याच्या ठिकाणी रांगा लागतात. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तान्ह्यांच्या खाण्याला मुभा असते. शाकाहारी मिळतं, पण चव बेताची आणि दर चढे, तेव्हा नाश्ता दाबून करून येणं हाच उपाय. जैन जेवण लागत असेल तर आधी मेल टाकून विचारा.

जेवण झालं की मिनिलँड. इथलं मिनिलँड संपूर्ण बंदिस्त आणि वातानुकूलित आहे, हे दुबईचं खास. बाहेर ऊन तापलेलं, मूल पेंगुळलेलं, आणि आत गारवा. धाकट्याला बाबागाडीत घेऊन फेऱ्या मारल्या की दहा मिनिटांत झोपतो. विटांचा बुर्ज खलिफा सतरा मीटर उंच आहे, ४ लाख ३९ हजार विटांचा. आपल्या साध्या पाच मजली इमारतीएवढा. मान वर करून बघताना मुलं आपोआप गप्प होतात.

माझी आई इथे रमली. विटांच्या ताजमहालापाशी वाकून ती म्हणाली, "अरे, गोल घुमट चौकोनी विटांचा कसा केला असेल?" तेच तर बघायचं असतं. जवळून पाहिलं की गोलाई पायऱ्या-पायऱ्यांची दिसते, चार पावलं मागे गेलं की घुमट गोल होतो. थोरलीला आम्ही हे मागे-पुढे करायला लावलं. पुढची पंधरा मिनिटं ती प्रत्येक इमारतीपाशी जाऊन मागे सरत होती आणि लोकांवर आदळत होती.

काही देखाव्यांपाशी बटणं असतात, दाबलं की काही तरी हलतं. पहिल्या खेपेला ज्या बटणापासून मी थोरलीला ओढून नेलं होतं ते हेच. दुसऱ्या खेपेला झोपेतून उठलेला धाकटा एका बटणापाशी पंचवीस मिनिटं होता. दाबायचं, बघायचं, टाळी वाजवायची, दाबायचं. आम्ही आळीपाळीने बसून घेतलं.

माणसांची अदलाबदल

आता त्या लेगोच्या माणसांचं. लेगोलँडच्या कर्मचाऱ्यांच्या नावाच्या पट्टीवर एखादं लेगोचं माणूस लावलेलं असतं. मूल आपल्याकडचं माणूस पुढे करून अदलाबदल मागू शकतं. माणूस पूर्ण हवं: डोकं, धड, पाय, केस किंवा टोपी. यासाठी वेगळा पैसा नाही. लाजाळू मुलालासुद्धा अनोळखी माणसाशी बोलायला लावणारं दुसरं काही त्या पार्कमध्ये नाही. थोरलीने दिवसभरात तिच्या स्वयंपाक्याचा समुद्री चाचा केला, चाच्याची राणी केली, राणीचा आणखी कोणी तरी.

धाकट्याने मात्र त्याचा फायरमन दिला, बदल्यात एक अंतराळवीर घेतला, खूश होऊन वीस पावलं चालला आणि थबकला. "माझा फायरमन?" तोवर तो घेणारी कर्मचारी मुलगी ड्यूटी संपवून गेली होती. हीच ती रडारड. दोन वर्षं उशीखाली घेऊन झोपलेला फायरमन मी अदलाबदलीसाठी त्याच्या हातात दिला होता. म्हणून प्रत्येकी दोन न्या: एक देण्याचा, एक न देण्याचा. देण्याचा असा न्या की ज्याला अजून घरात नाव मिळालेलं नाही.

उरलेली दुपार

तीन-साडेतीननंतर राइड्सचा हट्ट सोडा. इमॅजिनेशन भागात विटांच्या गाड्या बनवून उतारावरून सोडायची जागा आहे. गाडी उतारावरून येते, खाली आपटते, चाकं चार दिशांना जातात, मूल ती गोळा करून पुन्हा बांधतं. 'हे तर घरीसुद्धा करता येतं' असा विचार तुमच्या मनात येईल, माझ्याही आला. पण घरी तो उतार नसतो, आणि शेजारी गाडी बांधणारा फिलिपिनो किंवा सौदी पोरगा नसतो. धाकटा आणि असाच एक पोरगा, एकमेकांची भाषा शून्य, चाकांची देवाणघेवाण करत तासभर खेळले.

मुलांच्या घड्याळात संध्याकाळ झाली की निघा, पार्क बंद व्हायची वाट बघू नका. शेवटच्या तासात टॅक्सीची रांगही मोठी होते.

बाहेर पडताना दुकान. याचा नियम मुंबईतच ठरवा: प्रत्येकाला एक वस्तू, इतक्या दिरहमपर्यंत, आणि ती शेवटी. सकाळी दुकानात शिरलात तर तो डबा दिवसभर तुम्हीच वाहाल. घ्यायच्या आधी तोच डबा आपल्याकडे कितीला आहे ते मोबाईलवर बघा. इथे मिळणारंच तिथून आणण्यात अर्थ नाही. पार्कमध्येच मिळणारी छोटी वस्तू घ्या. सुट्या विटा पेल्याच्या मापाने मिळत असतील तर पेला भरायचं काम आजीला द्या. गहू मापट्याने मोजलेल्या बायका कोपरे भरायला विसरत नाहीत.

वॉटर पार्क, थोडक्यात

दुसऱ्या दिवशी जायचं असेल तर मुलांना आदल्या रात्री मनसोक्त झोपू द्या आणि तीन तासांच्या वर थांबू नका. पोहायचे नायलॉनचे कपडे सगळ्यांनाच लागतात, सुती टी-शर्टवर पाण्यात सोडत नाहीत. लंगोटातल्या मुलाला पाण्यातला वेगळा डायपर लागतो, तो इथूनच न्या. मऊ विटांचा तराफा बांधून संथ पाण्यात तरंगायची जागा आमच्या आईसकट सगळ्यांना जमली.

परतताना

मुंबईकडे येणारी बरीच विमानं रात्री निघतात आणि पहाटे उतरतात. शक्य असेल तर दिवसाचं घ्या, हजार-दोन हजार जास्त पडले तरी. पहाटे साडेतीनला टर्मिनल दोनच्या पट्ट्यावर बॅगेची वाट बघताना दोन झोपलेली मुलं दोन खांद्यांवर असतात, आणि बॅग उचलायला तिसरा हात लागतो. विटांचे डबे हँडबॅगेत घातले तरी चालतात. सुरक्षा तपासणीत आमच्याकडे ते उघडून बघितले, आणि तपासणाऱ्याने किंमत विचारली.

थोरलीचं लायसन्स तिच्या कंपासपेटीत आहे. परवा रिक्षावाल्याने सिग्नल तोडला तेव्हा तिने ते बाहेर काढलं होतं.